निष्ठा लिलावात मिळत नाही!

महिलांच्या प्रीमियर लीग स्पर्धेचा पहिला सामना ४ मार्च २०२३ रोजी नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाला, त्या वेळी या उपक्रमाच्या भवितव्याविषयी शंका घेणारे पुष्कळ होते. मुलींचे क्रिकेट पाहावयास कोण येणार, आणि आलेच तर नव्याची नवलाई ओसरल्यावर कोण टिकणार, असा प्रश्न क्रिकेटचे जाणते म्हणविणारे लोकही विचारीत होते. त्या प्रश्नाचे उत्तर आता कोणी पंडिताने द्यावयाचे उरलेले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच क्रीडांगणावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला, आणि त्या रात्री देशाने जो आनंद केला तो पुरुषांच्या कोणत्याही विजयानंतरच्या आनंदाहून उणा नव्हता. लोकांनी आपले मत दिलेले आहे. आता उत्तर द्यावयाचे आहे ते क्रिकेटच्या चालकांनी. लोकांच्या या प्रेमाचे ते करणार काय, हा प्रश्न आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने या स्पर्धेत विकता येण्याजोगे जे जे होते ते ते सर्व विकले. संघ विकले, खेळाडूंचा लिलाव केला, प्रक्षेपणाचे हक्क विकले, स्पर्धेच्या नावामागे लावावयाच्या व्यापारी नावाचाही सौदा केला. यात अनुचित असे काही झाले, असे आमचे म्हणणे नाही. परंतु या साऱ्या व्यवहाराची किंमत ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती गोष्ट मात्र कोणालाही विकत घेता आलेली नाही. ती म्हणजे प्रेक्षकाची निष्ठा. ती लोक आपण होऊन देतात आणि आपण होऊन काढूनही घेतात. ती टिकावयाची तर दोन गोष्टी आवश्यक आहेत. आपला संघ वर्षानुवर्षे आपल्या गावी खेळताना दिसला पाहिजे, आणि ज्यांना मैदानावर जाता येत नाही त्यांना तो घरी बसून विनासायास पाहता आला पाहिजे. या दोन्ही बाबतींत या स्पर्धेची आजची व्यवस्था अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विक्रीचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क व्हायकॉम १८ या कंपनीने ९५१ कोटी रुपयांना घेतले. म्हणजे दर सामन्यामागे सुमारे ७ कोटी ९ लक्ष रुपये झाले. त्याच महिन्याच्या २५ तारखेस पाच संघांची विक्री होऊन मंडळास ४,६६९ कोटी ९९ लक्ष रुपयांची बोली मिळाली. अहमदाबादसाठी १,२८९ कोटी, मुंबईसाठी ९१२ कोटी ९९ लक्ष, बंगळूरसाठी ९०१ कोटी, दिल्लीसाठी ८१० कोटी आणि लखनौसाठी ७५७ कोटी. फेब्रुवारीच्या १३ तारखेस खेळाडूंचा लिलाव झाला व ८७ खेळाडूंना संघ मिळाले. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लक्ष रुपयांना घेतले, तेव्हा ज्या खेळात मुलींना एके काळी पदरमोड करून प्रवास करावा लागे त्या खेळाचे दिवस पालटले, याविषयी कोणाच्या मनात संदेह राहिला नाही.

हे स्थित्यंतर स्वागतार्हच आहे. एखाद्या तालुक्याच्या गावातील मुलीने क्रिकेट हा आपला व्यवसाय आहे असे आईबापांस सांगावे आणि त्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये, एवढे तरी या पैशाने साधले आहे. तथापि पुरुषांच्या स्पर्धेच्या हक्कांना त्याच पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपये मिळाले होते, हेही विसरता येत नाही. सामन्यांची संख्या तिकडे कितीतरी अधिक आहे हे मान्य करूनही, महिलांच्या स्पर्धेची प्रक्षेपणाची प्राप्ती तिच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी आहे, हे सत्य उरतेच. हे अंतर कमी व्हावयाचे असेल तर प्रेक्षक वाढला पाहिजे, आणि नुसता वाढून भागणार नाही, तो दरवर्षी परत आला पाहिजे. चालू करार २०२७ च्या हंगामापर्यंतचा आहे. पुढील सौद्याच्या वेळी मंडळाच्या हाती दाखवावयास काय असेल, हे या प्रेक्षकावरच ठरणार आहे.

‘आपला’ संघ कोणता?

परंतु या प्रेक्षकाने निष्ठा ठेवावी कोणावर? सांगलीची स्मृती २०२३ पासून बंगळूरची आहे. मुंबईच्या मैदानांवर वाढलेली जेमिमा रॉड्रिग्ज दिल्लीची आहे. आणि मुंबईच्या संघाचे नेतृत्व पंजाबातील मोगा गावच्या हरमनप्रीत कौरने केले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे आव्हान पेलताना जेमिमाने नाबाद १२७ धावा काढल्या, त्या दिवशी सारी मुंबई तिच्या पाठीशी उभी होती. लीगच्या सामन्यात हीच मुंबई ती लवकर बाद व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसते! जुन्या पिढीच्या माणसास हा सारा पोरखेळ वाटतो. गावाचा खेळाडू गावाकडून खेळत नसेल तर गावाच्या नावाने टाळ्या कशासाठी पिटावयाच्या, असे तो विचारतो.

हा आक्षेप वरवर सबळ दिसतो, पण इतिहास त्याला पुरता दुजोरा देत नाही. याच मुंबईत अर्धशतकाहून अधिक काळ सामने झाले ते धर्म आणि जात यांच्या आधारावर. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, १९३७ साली ‘इतरां’चा संघ आला आणि पंचरंगी सामने पूर्ण झाले. त्या सामन्यांना जी गर्दी होई आणि जी ईर्षा दिसे तिला तोड नव्हती. १९३४ साली त्या सामन्यांचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले आणि मैदानाबाहेरच्या माणसासही मैदानात आणून बसविले. ती निष्ठा अस्सल होती, यात शंका नाही. पण ती चुकीच्या खुंटीवर टांगलेली होती. म्हणूनच गांधीजींनी १९४० साली त्या सामन्यांना विरोध केला आणि १९४६ साली ते बंद पडले. धर्माच्या नावाने आरोळी ठोकण्यापेक्षा शहराच्या नावाने ठोकलेली आरोळी निश्चितच निरुपद्रवी आहे. शहर हे सर्वांचे असते. तेथे कोणत्या जातीत जन्म घेतला याची चौकशी करावी लागत नाही, आणि मोग्याहून आलेल्या मुलीसही ते आपली म्हणू शकते. शहराच्या संघावरील निष्ठा ही कृत्रिम आहे म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. प्रत्येक निष्ठेचा आरंभ कोठेतरी होतच असतो. प्रश्न एवढाच की, आरंभानंतर तिला खतपाणी मिळते की नाही.

पुण्याचा धडा

ते न मिळाल्यास काय होते, हे पाहावयास महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना विकत घेतला. त्या वेळपर्यंतच्या संघांच्या किमतीत हा उच्चांक होता. पण २०११ च्या पहिल्या हंगामात पुण्याचा हा संघ ‘घरचे’ सामने खेळला तो नवी मुंबईत! २०१२ साली गहुंजे येथे मैदान मिळाले. २०१३ साली मालक व मंडळ यांच्यात पैशांवरून वाद विकोपास गेला आणि संघ नाहीसा झाला. तीन वर्षांत जे काही चाहते जमले होते त्यांना कोणी विचारले नाही.

पुढे २०१६ साली पुण्यास दुसरा संघ मिळाला, तोही दोनच वर्षांच्या बोलीवर. पहिल्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता. खेळपट्ट्यांना पाणी घालावयाचे की माणसांना पाजावयाचे, असा प्रश्न उभा राहून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणला गेला. न्यायालयाचा आदेश योग्यच होता. पण संघाचे घर गेले ते गेलेच. २०१७ साली हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि २१ मे रोजी हैदराबादेत मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. अशा पराभवातूनच खऱ्या निष्ठा जन्माला येतात. पुढच्या वर्षी उट्टे काढू या जिद्दीवर सारे गाव एक होते. पुण्याला मात्र पुढचे वर्षच नव्हते! मुदत संपली आणि संघ विसर्जित झाला. पुढे त्याच मालकांनी लखनौचा संघ घेतला. पुणेकरांनी आपला जिव्हाळा घेऊन लखनौला जावयाचे होते काय?

याच्या नेमके उलट उदाहरण मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणावरून तो संघ २०१६ व २०१७ अशी दोन वर्षे स्पर्धेबाहेर होता. २०१८ साली तो परत आला तर कावेरीच्या पाण्याच्या आंदोलनामुळे त्याचे घरचे सामने पुण्यास हलवावे लागले. तेव्हा चेन्नईहून चाहत्यांनी भरलेली खास आगगाडी पुण्यास आली, आणि गहुंजेचे मैदान पिवळ्या रंगाने भरून गेले. दोन संघ गमावलेल्या पुण्याने तिसऱ्याच शहराच्या निष्ठेचे दर्शन आपल्या दारी घेतले. त्या संघाचा नायक चेन्नईचा नव्हता, रांचीचा होता. पण २००८ पासून तोच नायक, तेच मैदान आणि बरेचसे तेच सहकारी लोकांनी पाहिले होते. जन्मगावापेक्षा सातत्य अधिक मोलाचे ठरते, हा यातील बोध आहे.

याच कथेची आणखी एक बाजू कलकत्त्याने दाखविली. ५ मे २०१२ रोजी सौरभ गांगुली पुण्याचा कर्णधार म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा ते मैदान दुभंगले. शहराच्या संघासाठी ओरडावे की शहराच्या पुत्रासाठी, हे हजारोंना ठरविता येईना. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांना निष्ठा ही काय चीज आहे हे कळले असेल. ती कागदोपत्री हस्तांतरित होत नाही.

घराविना संघ

आता महिलांच्या स्पर्धेकडे वळू. पाच संघांपैकी मुंबई, बंगळूर व दिल्ली या तीन संघांना पुरुषांच्या संघांचे नाव, रंग व चाहते आयते मिळाले. बंगळूरच्या चाहत्यांनी पुरुषांच्या संघाचे सोळा हंगाम विजेतेपदावाचून सोसले होते; १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीला हरवून त्या नावावर पहिले विजेतेपद कोरले ते मुलींनी. त्या दिवसापासून बंगळूरच्या चाहत्यांत मुलींच्या संघाचे स्थान धाकट्या बहिणीचे राहिले नाही. उसनी मिळालेली निष्ठा तेथे कमावलेली निष्ठा झाली. गुजरात आणि उत्तर प्रदेश यांच्या संघांना मात्र असा वारसा नव्हता. त्यांच्या मालकांचे पुरुषांचे संघ या स्पर्धेत नाहीत. त्यांना चाहता पहिल्यापासून जोडावयाचा होता, आणि त्यासाठी आपल्या गावी खेळणे हाच एक मार्ग होता.

घडले काय? २०२३ सालचे सर्व २२ सामने मुंबई व नवी मुंबई येथील दोन मैदानांवर झाले. २०२४ साली निम्मे बंगळूर येथे व निम्मे दिल्ली येथे झाले. २०२५ साली बडोदे, बंगळूर, लखनौ आणि मुंबई अशा चार ठिकाणी स्पर्धा गेली आणि आता मार्ग सापडला असे वाटू लागले. पण २०२६ साली ती पुन्हा नवी मुंबई व बडोदे या दोनच ठिकाणी आली. म्हणजे चार हंगामांत लखनौकरांनी आपला संघ आपल्या गावी पाहिला तो एका हंगामात, तेही मोजक्या सामन्यांत. दिल्लीकरांनीही एकाच हंगामात पाहिला. दिल्लीचा संघ २०२३, २०२४ व २०२५ असा सलग तीनदा अंतिम सामन्यात हरला. एवढ्या हृदयद्रावक पराभवांवर दुसऱ्या एखाद्या संघाने दोन पिढ्यांचे चाहते उभे केले असते. पण ज्यांनी हळहळावयाचे त्या दिल्लीकरांच्या डोळ्यांसमोर त्यांपैकी एकच पराभव झाला!

यावर मंडळाची बाजू आम्हांस ठाऊक आहे. स्पर्धेस मिळणारा काळ महिन्याभराचा आहे. राष्ट्रीय संघाचे दौरे, पुरुषांचे सामने, मैदानांची उपलब्धता, प्रवासाचा आणि प्रक्षेपणाच्या यंत्रसामग्रीचा खर्च, हे सारे जमवून आणावे लागते. एका ठिकाणी सामने घेतले की खर्च वाचतो. नव्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी ही सबब ग्राह्य होती. परंतु बाल्यावस्थेचे कारण किती वर्षे सांगावयाचे? संघांची विक्री करताना मालकांना शहरांची नावे विकली होती. शहराचे नाव विकावयाचे आणि शहराला सामना द्यावयाचा नाही, हा व्यवहार शहरापुरता तरी एकतर्फी झाला. प्रत्येक संघास दर हंगामात निदान तीन सामने घरच्या मैदानावर मिळतील, आणि ते कोणत्या मैदानावर होतील हे तीन वर्षे आधी जाहीर होईल, एवढी हमी देणे मंडळाच्या शक्तीबाहेरचे नाही.

खेळाडूंच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी मोठा लिलाव झाला, आणि कोणत्याही संघास त्याआधी पाचांहून अधिक खेळाडू राखून ठेवता आले नाहीत. तीन वर्षे दिल्लीचे नेतृत्व केलेली मेग लॅनिंग लखनौकडे गेली. संघांत समतोल राहावा म्हणून असे लिलाव होतात, हे खरे. पण ज्या स्पर्धेत मैदान बदलते, त्याच स्पर्धेत खेळाडूही घाऊक बदलू लागले तर चाहत्याच्या हाती झेंड्याच्या रंगापलीकडे काय उरते?

लहरी कोणाच्या?

मैदानावर जाणारा प्रेक्षक कितीही वाढला तरी तो हजारांत मोजावयाचा. घरी पाहणारा कोटींत मोजावयाचा. म्हणून प्रक्षेपणाचा प्रश्न हा निष्ठेचा अर्धा नव्हे, मोठा हिस्सा आहे. आपल्याकडे क्रिकेट हा शहरी, सुखवस्तू लोकांचा खेळ होता. तो सर्वांचा झाला तो नभोवाणीमुळे आणि पुढे दूरदर्शनमुळे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन केले, तेव्हा ज्यांनी वानखेडे मैदानाचे तोंडही पाहिले नव्हते अशा माणसांच्या घरात क्रिकेटची मराठी बोली नांदू लागली. त्यासाठी ऐकणाऱ्यास सामन्यागणिक पैसे मोजावे लागत नव्हते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचे स्मरण देणे अगत्याचे आहे. १९९३ सालच्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे त्यातील निकालपत्र महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे, हे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. त्या निकालाने सरकारची मक्तेदारी मोडली. पण सरकारची मोडली म्हणून ती दुसऱ्या कोणाची व्हावी, असा त्याचा अर्थ नव्हता.

आज स्थिती काय आहे? महिलांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा जिओसिनेमावर ती मोफत पाहता येत होती. पहिल्या हंगामात महिलांना व मुलींना मैदानावर प्रवेशही मोफत होता. दोन्ही निर्णय दूरदृष्टीचे होते आणि लोकांनी त्यांचे चीज केले. त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, डी. वाय. पाटील मैदानावर भारत व ऑस्ट्रेलिया यांच्या मुलींचा सामना मोफत ठेवला असता सुमारे ४७ हजार प्रेक्षक लोटले होते. दार उघडे ठेवले की लोक येतात, याचा पुरावा मंडळाच्या दप्तरीच आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स व डिस्ने यांच्या येथील माध्यम-व्यवसायांचे एकत्रीकरण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, महिलांच्या स्पर्धेचा तिसरा हंगाम सुरू झाला त्याच दिवशी, जिओहॉटस्टार ही एकच सेवा अस्तित्वात आली. काही काळ मोफत आणि त्यापुढे वर्गणी, असे तिचे जाहीर धोरण होते. पूर्वी दोन बलाढ्य कंपन्या हक्कांसाठी एकमेकींवर चढाओढ करीत. आता त्या एकाच छपराखाली आल्या. शिवाय ज्या उद्योगसमूहाचे या कंपनीत वर्चस्व आहे त्याच समूहाकडे मुंबईच्या संघाचीही मालकी आहे. यात कोणी गैर केले असा आमचा आरोप नाही. परंतु संघाचा मालक, प्रक्षेपणाचा मालक आणि मोबाइल सेवेचा मालक एकच असावा, आणि प्रेक्षकास दुसरीकडे जावयास जागाच असू नये, ही रचना लोकहिताची आहे, असे कोणी म्हणू शकेल काय?

वर्गणी फार नाही, महिन्याला एका चित्रपटाच्या तिकिटाहून कमी आहे, असा युक्तिवाद ऐकू येतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ती भारी नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रश्न आमच्या वाचकांपुरता नाही. एखाद्या कामकरी घरात मोबाइल असतो तो बापाच्या वा भावाच्या खिशात. त्यातील पैसे भरून सामना पाहावयाचा तर कोणता पाहावयाचा, हे त्या घरातील तेरा वर्षांची मुलगी ठरवीत नाही. मोफत मिळते तेव्हा तिला मिळते. पैसे पडतात तेव्हा प्रथम तिचेच कमी होते. ज्या स्पर्धेचा सारा नैतिक आधार ‘मुलींनी हे पाहावे आणि मैदानात यावे’ हा आहे, त्या स्पर्धेने त्याच मुलीपुढे पैशाची अट घालावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

इंग्लंडचा अनुभव

जे इंग्लंडने भोगले ते तरी आपण टाळावे. २००५ च्या ॲशेस मालिकेने त्या देशात क्रिकेटचे वेड पुन्हा जागे केले. पण त्यानंतर तेथील घरचे कसोटी सामने वर्गणीच्या वाहिनीकडे गेले. क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत भर पडली, आणि त्याच वेळी सामान्य घरांतून क्रिकेट दिसेनासे झाले. एक पिढी अशी वाढली की तिला फुटबॉलपटू तोंडपाठ होते आणि क्रिकेटचा राष्ट्रीय कर्णधार ओळखता येत नव्हता, अशी खंत तेथील क्रिकेटप्रेमीच व्यक्त करू लागले. अखेर २०२१ साली ‘द हंड्रेड’ ही शहरांच्या संघांची नवी स्पर्धा काढताना तेथील मंडळाने काही सामने, पुरुषांचे आणि महिलांचेही, बीबीसीवरून सर्वांना खुले केले, आणि स्पर्धेचा पहिला सामना महिलांचा ठेवला. नव्या संघांना चाहते हवे असतील तर दार उघडावे लागते, हे त्यांना सोळा वर्षांनी उमगले. आपण तोच प्रवास उलट्या दिशेने करीत आहोत!

आपल्याकडे यासाठी कायदाही आहे. २००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खासगी कंपनीने प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि जाहिरातींच्या उत्पन्नाची वाटणीही ठरलेली आहे. असे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतेच राहावे, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, त्यामुळे हक्क घेणाऱ्या कंपनीच्या केबलवरील उत्पन्नास धक्का लागत नाही. शहरांच्या संघांच्या स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत धरल्या जात नाहीत, आणि सर्वच सामने धरावेत असे आम्हीही म्हणत नाही. परंतु महिलांच्या स्पर्धेतील निदान उद्‌घाटनाचा, दर आठवड्यातील एक आणि अंतिम असे सामने दूरदर्शनवरून व तिच्या विनावर्गणी ‘फ्री डिश’ सेवेवरून दाखविण्याची अट पुढील करारातच घातली, तर कायद्याची काठी उगारण्याची गरजही पडणार नाही. त्या सामन्यांचे मराठीसह प्रादेशिक भाषांतील समालोचन आकाशवाणीवरून व्हावे. त्यामुळे हक्कांची किंमत थोडी घटेल, असे गृहीत धरले तरी ती घट हा बियाण्यावरील खर्च आहे.

गर्दीचे देणे

निष्ठेविषयी बोलताना एका दुःखद घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या पुरुषांच्या संघाने अठराव्या हंगामात प्रथमच विजेतेपद मिळविले. दुसऱ्या दिवशी त्याच्या सत्कारासाठी चिन्नास्वामी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसे प्राणास मुकली. ज्यांनी अठरा वर्षे पराभव सोसून संघाची साथ सोडली नाही, त्यांना विजयाच्या दिवशी सुरक्षितपणे घरी परतण्याचीही शाश्वती नव्हती. पुढे विश्वचषकाचे सामने बंगळूरहून नवी मुंबईस आले ते याच घटनेच्या परिणामी. नवी मुंबईने तो विजय पाहिला. पण त्या भाग्यामागे दुसऱ्या एका शहराचा शोक होता, याचा विसर पडू नये.

चाहता हा जमाखर्चाच्या वहीतील जमेचा आकडा मानला की अशा घटना घडतात. त्याच्यासाठी पुरेसे दरवाजे, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आणि रात्री सामना संपल्यावर घरी जाण्यासाठी गाड्या यांची व्यवस्था करणे ही कृपा नव्हे, ते देणे आहे. महिलांच्या स्पर्धेला मुली आणि त्यांच्या आया मोठ्या संख्येने येतात. म्हणून हे देणे येथे दुपटीने लागू होते.

महिला क्रिकेट आज मोठ्या सुदैवी क्षणी उभे आहे. जगज्जेतेपद आहे, खेळाडूंना मान आहे, आणि हरमनप्रीत, स्मृती, जेमिमा ही नावे घराघरांतील मुलींच्या ओठांवर आहेत. असा क्षण पुन्हा केव्हा येईल हे सांगता येत नाही. मंडळाने पुढील कराराच्या आधीच तीन गोष्टी जाहीर कराव्यात: प्रत्येक संघास त्याच्या शहरात दर हंगामी ठरावीक सामने, निदान निम्मा संघ सलग राहील अशी खेळाडूंची व्यवस्था, आणि आठवड्यातून एक सामना व अंतिम सामना देशातील कोणत्याही घरात वर्गणीवाचून. यांतील एकाही गोष्टीने मंडळाचे दिवाळे निघणार नाही. मात्र त्या केल्या नाहीत, तर पुण्यातील दोन संघांचे जे झाले तेच उद्या लखनौत वा अन्यत्र होईल, आणि लोकांनी साथ दिली नाही असा दोष मंडळ लोकांनाच देईल. तो दोष त्या वेळी लोक मान्य करणार नाहीत, हे मंडळाने आजच समजून असावे.